काटुआचं मागणं

पाऊस जाऊन चौदावा महिना लागला होता. विहिरीचं पाणी मचूळ झालं ते आम्ही सोसलं. नारळ मुठीएवढे यायला लागले तेही सोसलं. पण खड्ड्यातल्या बाबाईची पानं कडेने करपायला लागली तेव्हा मी ओळखलं, हे वर्ष साधं जायचं नाही. बाबाई म्हणजे अळूचाच थोरला भाऊ, पुरुषभर उंचीचा. त्याच्या कंदाशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही की पाहुणा जेवून उठत नाही. माझ्या सासऱ्याच्या आज्याने कासवाच्या पाठीने वाळू उपसून तो खड्डा खणला, त्याच्या तळाला गोडं पाणी झिरपेपर्यंत. त्या पाण्यालाही आता समुद्राची चव यायला लागली होती. मी रोज सकाळी देवळाजवळच्या विहिरीवरून बादली भरून आणायची आणि एकेका झाडाच्या बुडाशी वाडगं वाडगं घालायची. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे, कुरकुरायचेच. त्यांचं ऐकत बसले असते तर झाडं मेली असती.

त्याच महिन्यात काइरोरो जहाजाने आला. माझा थोरला. एक्कावन्न वर्षांचा, आमच्या बेटावरून चार वेळा संसदेत गेलेला, सहा वर्षं मासेमारी खात्याचा मंत्री. महिन्यावर मतदान होतं. ते नेहमीसारखं असतं तर मी दारात उभीही राहिले नसते. पण त्या खेपेला रेडिओवर रोज सांगत होते, की काइरोरो आपल्या बेटावरून पुन्हा निवडून आला तर संसद राष्ट्राध्यक्षपदाला त्याचं नाव पुढे करणार. रेडिओ आमच्याकडे नव्हता. तो कुणीतरी मागून नेला होता. शेजारच्या बाउरो म्हाताऱ्याच्या रेडिओवर मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवत केवड्याची पात चिरत बसले.

होडीतून उतरला तो अनवाणी. हातात एक पिशवी, मागे बायको टेबोरा, तिचं तोंड उतरलेलं. मी विचारलं, चपला कुठं गेल्या. तो हसला. होडीवाला त्याच्या आत्याच्या जावेचा नातू निघाला, त्याने जहाजापासून किनाऱ्यापर्यंत येता येता चपला मागितल्या.

"नव्या होत्या," टेबोरा म्हणाली.

"नव्या होत्या म्हणूनच मागितल्या," मी म्हटलं. "फाटक्या कोण मागतं?"

आमच्यात नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. पोलीस धरत नाही, पण नाही म्हणणाऱ्याच्या शेजारी चटईवर कुणी येऊन बसत नाही, आणि त्याच्या घरचं मयत उचलायला आलेली माणसं गप्प राहून उचलतात. आणि एवढ्याशा बेटावर नात्यात नाही असा माणूस तुम्ही मला दाखवा. आमच्या घरची रीत तर त्याहून वरची. मागणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'ने' म्हणायची. माझी आई तशी होती, मीही तशी. आओमोरोकडे, म्हणजे माझ्याकडे, मागायला जायचं तर नुसतं खाकरावं, असं बाउरो चारचौघांत म्हणायचा, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आणि मी स्वतः कुणाकडे कधी काही मागितलं नाही. सुईसुद्धा नाही.

काइरोरोला मंत्री म्हणून राजधानीत घर होतं, तीन खोल्यांचं. त्यात बेटावरची तेवीस माणसं झोपायची. कुणी दवाखान्यासाठी आलेलं, कुणी बोटीवरच्या नोकरीसाठी, कुणी नुसतंच. एकदा तो थंड देशात परिषदेला गेला, तिथे त्याने परक्या मोठ्या बोटीवाल्यांना आमच्या समुद्रातला मासा फुकट नेऊ देणार नाही असं उभं राहून सांगितलं. ते भाषण रेडिओवर लागलं. त्यासाठी सरकारने त्याला लोकरीचा कोट शिवून दिला होता. परत आल्या आल्या विमानतळावरच चुलत मेहुण्याने तो मागितला. तो मेहुणा इथं येऊन कोट घालून देवळात बसायचा, घामाने चिंब. लोक हसायचे, पण कोट मंत्र्याचा म्हणून हात लावून बघायचे.

हे सगळं टेबोराने पंचवीस वर्षं सोसलं. ती दुसऱ्या बेटावरची, शिक्षकाची मुलगी, मोजून बोलणारी. तिचं माझं कधी भांडण झालं नाही आणि कधी जमलंही नाही.

माझ्या धाकट्या मुलाच्या पाठीत तेव्हा उसण भरली होती, तो वाकू शकत नव्हता. घरच्या पाच माडांची माडी रोज काढायची असते, ताजी गोड, न आंबलेली. दिवसातून दोन वेळा वर चढून पोय, म्हणजे नारळाचा तुरा, कापली नाही तर ती सुकते, आणि माडी नाही तर घरात गोड नाही, तान्ह्यांना द्यायला काही नाही. काइरोरो म्हणाला, मी चढतो. मी म्हटलं, तुझं पोट बघ. तो म्हणाला, पोट खाली ठेवून जातो.

लहानपणी तो माकडासारखा चढायचा. वर बसला की गायचा. वर बसलेल्याने गायचंच असतं, म्हणजे खालच्या बायकांना कळतं वर माणूस आहे आणि त्या आडोशाला होतात. त्याचा आवाज असा, की मिशनच्या मास्तराने तो ऐकून त्याला शाळेच्या बोटीत घातलं. तिथून तो शिकला, मास्तर झाला, सहकारी दुकानाचा कारकून झाला, आणि एकतिसाव्या वर्षी मानेआबात उभं राहून त्याने जुन्या खासदाराला विचारलं, की आमच्या बेटाला जहाज तीन महिन्यांनी का येतं. मानेआबा म्हणजे आमचं थोरलं सभाघर. तिथे प्रत्येक कुळाची बसायची जागा खांबाखांबाने ठरलेली. आमच्या जागेवरून तीन पिढ्या कुणी तोंड उघडलं नव्हतं. पुढच्या निवडणुकीत म्हाताऱ्यांनी त्यालाच उभा केला. वर्षभरात जहाज दर महिन्याला यायला लागलं.

आता तोच माणूस सकाळच्या उन्हात झाडाला मिठी मारून अर्ध्यावर थांबला होता. खाली बाउरो काठी टेकून उभा.

"सरकार इतकं वर गेलंय," बाउरो म्हणाला, "की खाली यायची वाट गवसेना झालीय."

काइरोरो हसायला गेला आणि तीन हात घसरला. मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली. संध्याकाळी मी खोबरेल लावलं. तो लहान मुलासारखा ओठ चावून पडून होता. मिळालेली माडी पेलाभर. दुसऱ्या दिवशी तो परत चढला, या खेपेला शेंड्यापर्यंत, आणि गायला. सगळी वस्ती ऐकत होती. आवाज तोच होता, दम तेवढा नव्हता. टेबोरा भांडी घासता घासता थांबली होती. तिला मी त्याच्याकडे अशी बघताना आधी पाहिलं नव्हतं.

आठवडा त्याने तसाच काढला. सकाळी झाडं, मग माझ्याबरोबर खड्ड्यात उतरून बाबाईच्या बुडाशी पाला कुजवणं, दुपारी माणसं. माणसं यायची ती मत द्यायला म्हणून नाही, काहीतरी न्यायला. त्याच्याजवळ द्यायला उरलं नव्हतं, म्हणून तो त्यांच्याबरोबर बसायचा, आणि माणसं तेवढ्यावर समाधान मानून जायची.

शनिवारी मानेआबात सभा झाली. दोनच उमेदवार होते, एक काइरोरो, दुसरा नाबुआका. नाबुआका हा काटुआचा मुलगा, आणि काटुआ माझी सख्खी मावसबहीण. चाळिशीचा गडी, दहा वर्षं परदेशी बोटींवर खलाशी होता, तिथून दारू घेऊन आला आणि ती सोडायला त्याला चार वर्षं लागली. सोडली मात्र. काटुआचे बाकीचे दोन मुलगे समुद्रात गेले. हा तेवढा उरला.

दोघांनी आधी म्हाताऱ्यांपुढे तंबाखू ठेवली. मग प्रश्न सुरू झाले आणि सगळे प्रश्न पाण्याचे. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र काइरोरोने आणलं होतं, ते दोन महिने चाललं आणि बंद पडलं. काइरोरोने काही लपवलं नाही. एक भाग मोडलाय, तीन देशांना पत्रं लिहिली, अजून आलेला नाही, कधी येईल सांगता येत नाही, असं तो म्हणाला. निवडणुकीत असं कुणी बोलतं का? पण म्हातारे माना हलवत होते. खोटं ऐकून ते कंटाळले होते.

मग नाबुआका उठला. त्याने बोटीवरचा मोठा आवाज लावला. आपण खारं पाणी पितो, म्हणाला, आणि मंत्र्याच्या घराला पत्र्याचं छप्पर आहे, पन्हळ आहे, पावसाचं पाणी साठवायला सिमेंटची टाकी आहे.

बायका मागे बसतात. बायकांनी सभेत बोलायचं नसतं, पण माझ्या वयाला कोण अडवणार?

"टाकी तुझ्या आईच्या दारात आहे, बाळा," मी मागून म्हटलं. "जाताना झाकण नीट लाव."

सगळं मानेआबा हसलं. म्हातारे हसले, लेकुरवाळ्या हसल्या, बाउरोला ठसका लागला. खरंच होतं ते. टाकी काटुआने दोन वर्षांपूर्वी मागितली होती, म्हणजे मागायला आली होती, आणि मी पोरांकडून ती उचलून पाठवली होती. नाबुआकाला बहुधा ती कुठून आली हेच ठाऊक नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग बसला. काइरोरो हसला नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला आवडली नाही. घरी येताना मी म्हटलं, मी काय खोटं बोलले? तो म्हणाला, नाही आई, खोटं नाही बोललीस.

सोमवारी दुपारी मी मचाणावर चटई विणत होते. बरोबर वस्तीतल्या चार बायका, त्यांची विणकामं घेऊन. काटुआ आली. केस नीट बांधलेले, अंगावर देवळात जायचा झगा. मचाणाच्या कडेला बसली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही, पातीचं टोक सुटत होतं.

"आक्का," ती म्हणाली, "मी बुबुती घेऊन आलेय."

"ने," मी म्हटलं.

"ऐकून तर घे."

"ऐकायचं काय त्यात? दिलं म्हटलं ना. ह्या चौघी आहेत साक्षीला."

मला वाटलं, सुकी मासळी असेल, नाहीतर ही विणत असलेली चटई. मनातल्या मनात म्हटलं, परवा पोराची फजिती झाली आणि आज मागायला आली, हिला काही वाटत कसं नाही. ते माझ्या तोंडावर उमटलं असणार.

काटुआने झगा गुडघ्यांवर सारखा केला. मग शांतपणे म्हणाली, की काइरोरोने उमेदवारी मागे घ्यावी, हे तिचं मागणं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तू दिलंस, त्याबद्दल देव तुला भरभरून देवो. एवढं बोलून ती वाकून नीट उठली आणि गेली.

 चौघींतल्या एकीच्या हातातली सुरी खाली पडली, ती तिने उचलली नाही. मी विणत राहिले. तीन ओळी विणल्या, त्या नंतर उसवाव्या लागल्या, सगळ्या उलट्या पडल्या होत्या.

काइरोरो संध्याकाळी झाडावरून उतरला तोवर बातमी त्याच्याआधी उतरली होती. टेबोरा माझ्यासमोर उभी. ती ओरडली नाही. ती म्हणाली, मासा नाही, चटई नाही, माणसाची वीस वर्षं आहेत ती, आणि ती सासूबाईंनी न बघता देऊन टाकली. मी म्हटलं, मला काय ठाऊक ती काय मागणार. ती म्हणाली, तेच ना, तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

काइरोरो पाय धूत होता. मी त्याला म्हटलं, कायदा आहे ना, तू सरकार आहेस, बुबुतीने कुठं निवडणुका होतात? मी बोलले, तू बोलला नाहीस. लोक समजून घेतील.

तो बराच वेळ पायांवर पाणी ओतत राहिला. त्या दुष्काळात एवढं पाणी मी कुणाला ओतू दिलं नसतं.

"आई, मी चार वेळा या लोकांकडे मत मागितलं," तो म्हणाला. "ते काय होतं? बुबुतीच होती. मला एकदाही कुणी नाही म्हटलं नाही. आता माझ्या घरात कुणी मागितलं, तर मी कायदा दाखवू?"

"राष्ट्राध्यक्ष होणार होतास."

"होणार होतो," तो म्हणाला, आणि पंच्याने पाय पुसले.

मी त्याची आई. मी त्याला चिडताना ओळखते, रडताना ओळखते. त्याला ते पद हवं होतं. मोटार नको होती की घर नको होतं. बंद पडलेल्या यंत्राचा भाग कोणत्या दारात जाऊन मागायचा, ते त्याला आता कुठं कळत होतं, आणि त्या दारापर्यंत राष्ट्राध्यक्षच पोहोचतो. झोपायच्या आधी तो धाकट्याला तेच सांगत होता, हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचं काम आहे.

टेबोराने मला एकच वाट दाखवली, तीही माझ्याकडे पाठ फिरवून. म्हणाली, जे बुबुतीने गेलं ते बुबुतीनेच परत येतं. काटुआच्या दारात जाऊन बसा आणि मागा. तिलाही नाही म्हणता यायचं नाही.

मंगळवार मी काही केलं नाही. बुधवारी ओहोटीला टोपली घेतली, शिंपल्या खणायला जाते म्हणून सांगितलं, आणि वाटेने न जाता खाजणातून गेले, म्हणजे कुणी विचारू नये. गाळ पोटरीपर्यंत. ऊन वरूनही आणि खालूनही. वाटेत मी शब्द जुळवत होते. मागायचं कसं, कुठून सुरू करायचं, हे मला येत नव्हतं. या वयात ते शिकायचं होतं.

काटुआ एकटी होती, मांडीवर काथ्या वळत बसलेली. नाबुआका मासेमारीला गेला होता. दारातच आमची टाकी, झाकण लावलेली. तिने मला पाहिलं, उठली नाही. चटई पुढे सरकवली. मी बसले. पाहुण्याच्या जागी नाही, मागणाऱ्याच्या जागी, दाराकडे पाठ करून.

काटुआ काय म्हणाली ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. ती आता वाळूत आहे म्हणून लिहिते.

मी तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. म्हणाली, थांब आक्का, आधी माझं ऐक, तू माझं कधी ऐकलं नाहीस. तिचा नवरा वारला तेव्हा त्याला गुंडाळायला तिला चांगली चटई हवी होती. वाटभर रडत, शब्द जुळवत ती माझ्याकडे आली होती. मी तिला बोलू दिलं नाही. चटई तिच्या अंगावर टाकली आणि सुनेला म्हटलं, हिला चहा दे.

"तुला वाटलं तू दिलंस," काटुआ म्हणाली. "मला वाटलं, दारात आलेल्या कुत्र्याला टाकलंस. सगळ्या बेटाला असंच वाटतं. तुला कोण सांगणार?"

मी टोपली मांडीवर ओढून घेतली. 

"आता तू माग," ती म्हणाली. "पुरतं माग. मी मधे बोलणार नाही."

मग मी मागितलं.  मी म्हटलं, मी आओमोरो, तुझ्या मावशीची मुलगी, तुझ्याकडे बुबुती घेऊन आले आहे. माझ्या मुलाची जागा मला परत दे. माझं चुकलं. मी न बघता दिली. त्याचं आयुष्य त्यात आहे. मी कुणाकडे कधी काही मागितलं नाही, तुझ्याकडे मागते. हे सगळं मी चटईकडे बघून म्हणाले. एक माशी माझ्या हातावर बसली होती, ती हाकलायचं सुचलं नाही.

काटुआने खरंच मधे तोंड उघडलं नाही. काथ्या वळायची थांबली होती.  टाकीवर कोंबडी चढली, नखं खरवडली, उतरली.

"नाही," काटुआ म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आणखी काही म्हणेल. माझ्या आयुष्यात हा शब्द बुबुतीला मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. भांडणात नाही, दारूत नाही. तिने तो हलक्या आवाजात म्हटला होता, आणि तिच्या हातातली काथ्याची दोरी उलगडत चालली होती.

"काइरोरो निवडून नाही आला तरी काइरोरोच राहील," ती म्हणाली. "माझा पडला तर त्याचं काय उरतं? शनिवारी हसले ना सगळे, तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. सोडल्यापासून बाटलीला शिवला नव्हता. मी रात्रभर त्याच्या उशाशी बसले, उठून जाऊ नये म्हणून. मला तेवढं एकच पोर आहे, आक्का. जा. सांग सगळ्यांना मी नाही म्हटलं. मला ठाऊक आहे काय होईल ते."

तिला ठाऊक होतं. देवळात तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतील. विणायला कुणी बोलावणार नाही. मरेल तेव्हा माणसं गप्प उभी राहतील. ते सगळं तिने त्या एका शब्दात घेतलं होतं, पोरासाठी. मी माझ्या पोरासाठी काय घेतलं होतं? गाळातून चालत आले होते, एवढंच.

मी उठले. उठताना तिनेच हात दिला. 

परत येताना मी खरंच शिंपल्या खणल्या. टोपली अर्धी भरली.

शुक्रवारी सकाळी आम्ही बेटाच्या कचेरीत गेलो. काइरोरोने धुतलेला सदरा घातला होता. चप्पल नव्हती. बाहेर माणसं जमली होती, सोमवारच्या चौघीही होत्या. नाबुआका लांब, नीरफणसाच्या झाडाखाली. काटुआ आली नव्हती. माझ्या तोंडून काय बाहेर पडतं याची ती घरी वाट बघत असणार.

कारकुनाने कागद पुढे केला. काइरोरोने तो वाचला. स्वतःच्या सरकारचा कागद, तरी शब्दन् शब्द वाचला. कारण लिहायला जागा होती, तिथे त्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग 'घरचं' एवढंच लिहिलं. सही केली. मग बाहेर येऊन सरळ नाबुआकाकडे गेला आणि त्याच्याजवळ उकिडवा बसून त्याला काहीतरी समजावू लागला. बोटाने वाळूत आकृती काढत होता. यंत्राचा मोडलेला भाग कसा असतो, कुठल्या देशात कुणाला लिहायचं, कोण उत्तर देतं आणि कोण देत नाही. नाबुआका आधी उभा होता. थोड्या वेळाने तोही बसला.

टेबोरा माझ्याजवळ उभी होती. ती तिकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते तिने पुसलं नाही.

चौघींतली एक पुढे आली. ती माझी भाचेसून लागते. हळूच म्हणाली, मावशी, परत मागायची रीत होती की. काटुआला नाही म्हणता आलं नसतं. तुम्ही गेला होता का तिच्याकडे?

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. टेबोराही वळली. तिच्या तोंडावर अजून थोडी आशा होती. मी गेले असेन आणि काही झालं असेल, ते मी आता सांगेन, अशी.

"नाही गेले," मी म्हटलं. "मी कुणाकडे मागायला जात नाही."

टेबोरा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली, तिला जे वाटत होतं तेच खरं निघाल्यासारखी, आणि ती तिच्या नवऱ्याकडे चालत गेली. बाकीच्याही पांगल्या. त्या हळू बोलत होत्या, पण मला ऐकू येत होतं. पोराचं आयुष्य गेलं, पण म्हातारीची मान वाकली नाही, असं म्हणत होत्या. मी मान ताठ ठेवून उभी राहिले, त्यांना दिसावी म्हणून.